सतरा नंबरचा वाफा

झुवेनाला कोणी शिकवायला आलं की तिचं डोकं फिरतं, आणि गेली चार वर्षं म्बुयूनी गावात शिकवायला येणाऱ्यांचा नुसता सुकाळ झाला आहे. शाळेच्या ओट्यावर चित्रांचे तक्ते टांगायचे, बायकांना चटयांवर बसवायचं आणि हवामान बदलतंय, समुद्र तापतोय, शेतीची पद्धत बदला, असं तासभर सांगायचं. मग चहा आणि तळलेली मांदाझी. एकदा एक गोरी मुलगी दुभाषी घेऊन आली होती. तिने पाण्याच्या उष्णतेचा आलेख दाखवला तेव्हा झुवेना शेजारणीला म्हणाली, “चौतीस वर्षं मी त्या पाण्यात उभी आहे. पाणी तापलंय ही बातमी हिला बरी आधी लागली.” बायका फिसकन हसल्या. मुलीला वाटलं, आलेख आवडला. तिने आणखी एक काढला.

शेवाळाची शेती गावात आली तेव्हा झुवेना अठरा वर्षांची होती आणि कडेवर पहिली मुलगी होती. शहरातून कोणी माणूस ओली पोती घेऊन आला, म्हणाला, हे दोरीला बांधा, वाढलं की कापा, वाळवा, मी विकत घेतो. गावातल्या पुरुषांची हसून हसून पुरेवाट झाली. समुद्रातलं गवत विकणार म्हणे. एकाही पुरुषाने त्याला हात लावला नाही, म्हणून ते सगळं बायकांकडे आलं, आणि दोन वर्षांत बायकांच्या घरांवर पत्रे चढले तेव्हा हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. पण तोवर उशीर झाला होता. शेवाळ हे बायकांचंच काम असं ठरून गेलं होतं.

काम सांगायला सोपं आहे. मोठ्या ओहोटीला मैलभर आत चालत जायचं, वाळूत खुंट्या ठोकायच्या, दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणायची आणि दोरीला वीतवीत अंतरावर शेवाळाच्या जुड्या बांधायच्या. दीड महिन्याने कापायचं, झावळ्यांवर वाळवायचं, पोत्यात भरायचं. पुढे ते समुद्रापार जातं, तिथे त्याचं पीठ होतं आणि ते आइस्क्रीम दाट करायला, दही बसवायला, डब्यातल्या मांसाला घट्टपणा आणायला वापरतात. झुवेनाने आयुष्यात आइस्क्रीम तीनदा खाल्लं आहे. तिसऱ्या वेळेला तिने कांडी चाटून बघितली आणि म्हणाली की आपल्यातलं काही लागत नाही.

शेवाळ दोन जातींचं. एक बारीक, काटेरी, कुठेही येणारं, स्वस्त. दुसरं जाडं, बोटाएवढ्या गरगरीत फांद्यांचं. त्याच्यातला चीक दाट, म्हणून भाव बारकाच्या तिप्पट. पण ते नाजूक. सुरुवातीची सहा वर्षं सगळ्या बायका जाडंच लावायच्या. मग एका वर्षी कास्काझीचा वारा सुटला, उन्हाळा आला आणि गेलाच नाही. किनाऱ्याजवळचं उथळ पाणी पायाला चटका देऊ लागलं. जाड्या शेवाळाच्या फांद्या शेंड्याकडून पांढऱ्या पडायला लागल्या, हात लावला की तुटून वाहून जायला लागल्या. बायका त्या रोगाला ‘बर्फ’ म्हणतात. त्या वर्षी गावातलं जाडं शेवाळ बर्फाने खाल्लं. पुढच्या वर्षी बी आणलं, ते खाल्लं. त्याच्या पुढच्या वर्षी बायकांनी हात टेकले आणि बारीक लावलं.

झुवेनाने नाही लावलं, तिने पुन्हा जाडंच बी आणलं. “बारीक काय, माझ्याशिवाय पण वाढतं,” असं म्हणायची. नवरा तिचा, मकामे, तो मासेमारीवाला. गावासमोर खडकाची लांब रांग आहे, त्यावर बाहेरच्या लाटा फुटतात, आणि त्या रांगेत एक दार आहे. भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्या दारातून आतबाहेर करतं, म्हणून तिथे खोल समुद्राचं गार पाणी कायम खेळतं. मकामे तिथे गळ टाकायचा. एकदा म्हणाला, तिथे हात घातला तर बोटं आखडतात. झुवेनाने दुसऱ्या दिवशी होडीत बसायचा हट्ट धरला.

अडचण एकच होती. दाराशी पाणी डोक्यावरून जातं, आणि आमच्या गावात बाई पोहत नाही. झुवेना सव्विसाव्या वर्षी पोहायला शिकली, कमरेला तेलाचा रिकामा डबा बांधून, पहाटे, कोणी बघायच्या आत. नणंदेला कळलं तेव्हा तिने गावभर केलं की झुवेना आता माडावरही चढणार आहे. झुवेनाने मनावर घेतलं नाही. उन्हाळा आला की ती आपल्या सगळ्या दोऱ्या किनाऱ्याजवळच्या वाफ्यातून सोडवायची, होडीत घालून दाराशी न्यायची, दोन्ही टोकांना दगड बांधायचे, मध्ये रिकाम्या बाटल्या तरंगत सोडायच्या. तीन महिने शेवाळ तिथे राहायचं. पाऊस पडून पाणी निवलं की परत वाफ्यात. आणि परत बांधताना ती एकेक फांदी बघायची. ज्या फांदीवर पांढरा ठिपका दिसला ती फेकायची, जी तपकिरी राहिली तेवढीच बी म्हणून ठेवायची. अशी सव्वीस वर्षं. तिच्याकडचं जाडं शेवाळ आता किनाऱ्यावरच्या इतर कुठल्याही जाड्या शेवाळापेक्षा जास्त ऊन सोसायचं, आठ-नऊ दिवस गरम पाणी पचवायचं. हे तिने कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही.

कंपनीची जबाबदार खरेदीची योजना आली तेव्हा ते काम नासोरकडे होतं. नासोर शहरातला, तिशीचा, गोड बोलणारा मुलगा. प्रत्येक म्हातारीला वाकून “शिकामू” म्हणायचा आणि “माराहाबा” असं उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं वाक्य बोलायचा नाही. त्याने सांगितलं की परदेशातल्या गिऱ्हाइकांना आता नुसतं शेवाळ नको आहे. ते कुठल्या वाफ्यातून आलं, कोणी पिकवलं, त्यासाठी खारफुटी तर तोडली नाही ना, हे सगळं कळायला हवं आहे. ज्या गावच्या गटाला हिरवं कार्ड मिळेल त्या गटाचा माल वाढीव भावाने आणि आधी उचलणार. मग तो गुडघाभर पाण्यात फोन घेऊन फिरला आणि बत्तीस बायकांच्या बत्तीस वाफ्यांचे चारी कोपरे नकाशावर टिपून घेतले. झुवेनाचा वाफा सतरा नंबरचा.

झुवेनाने तेव्हाच सांगितलं होतं की उन्हाळ्यात माझ्या दोऱ्या इथे नसतात, दाराशी असतात. नासोरला फार आनंद झाला. म्हणाला, “बिबी, ह्यालाच तर आम्ही हवामानाशी जुळवून घेणारी शेती म्हणतो. तुम्ही तर आमच्या पुढे आहात.” लिहितो म्हणाला, आणि लिहिलंही असेल. पण नकाशा तयार होऊन आला तेव्हा त्यावर सतरा नंबरला चारच कोपरे होते, आणि ते चारही किनाऱ्याजवळ होते.

मग ऐन कास्काझीत, पाणी सगळ्यात तापलेलं असताना, पत्र आलं. तपासनीस येणार, शनिवारी. प्रत्येकीच्या सगळ्या दोऱ्या आपापल्या नंबरच्या वाफ्यात असायला हव्यात, जितक्या कागदावर लिहिल्या तितक्या. आणि ठळक अक्षरात शेवटी लिहिलं होतं की कार्ड गटाला मिळतं, एकटीदुकटीला नाही. एक वाफा रिकामा निघाला तर बत्तीसही नापास.

पत्र वाचून दाखवलं मगेनीने. मगेनी गटाची चिटणीस आणि झुवेनाची बालमैत्रीण, अजूनही दोघी एकमेकींना शोगा, म्हणजे सखी, असंच म्हणतात. झुवेनाने बोटांवर चंद्राचे दिवस मोजले आणि म्हणाली की शनिवारी तर भांग आहे. भांगाच्या पाण्याला आमच्याकडे मेलेलं पाणीच म्हणतात. धड आत येत नाही, धड बाहेर जात नाही. उधाणाच्या ओहोटीला जिथे गुडघाभर पाणी असतं तिथे त्या दिवसांत छातीएवढं असतं. वाफे दिसणार कसे?

“होडीतून बघेल,” मगेनी म्हणाली.

“त्याला कळवून टाक ना, पुढच्या उधाणाला ये म्हणून.”

“शोगा, शेवाळ तपासणारा माणूस आहे तो. त्याला मी भरतीची वेळ शिकवू? काय म्हणेल, म्बुयूनीच्या बायकांना बोलायची रीत नाही.”

झुवेनाला ते पटलं. ह्याचाच तिला पुढे सगळ्यात जास्त संताप आला, की तेव्हा तिला ते पटलं. आमच्याकडे पाहुण्याला समुद्र समजावत नाहीत. ज्याला कळतो त्याला सांगणं म्हणजे त्याचा अपमान, आणि ज्याला कळत नाही तो शेवाळ कशाला तपासेल? बत्तीस बायकांमधल्या एकीलाही शंका आली नाही.

झुवेनाने हिशेब केला. खुंट्यांना दोऱ्या बांधायच्या तर उधाण संपायच्या आत, म्हणजे सोमवारी. सोमवार ते शनिवार, पाच दिवस. तेवढं तिचं शेवाळ सोसेल. शनिवारी माणूस बघून गेला की लगेच होडीत घालून परत दाराशी. मकामे म्हणाला, निम्म्या दोऱ्या तिथेच ठेव. पण कागदावर चाळीस होत्या आणि तिच्याकडे चाळीसच होत्या. सोमवारी नवराबायकोने सकाळपासून दुपारपर्यंत राबून चाळीस दोऱ्या वाफ्यात आणून बांधल्या. पाणी चढायच्या आत नासोर येऊन प्रत्येक दोरीच्या टोकाला प्लॅस्टिकची पिवळी पट्टी बांधून गेला. पट्टीवर सतरा, आणि त्यापुढे दोरीचा क्रमांक. आता तपासणी होईपर्यंत हलवायच्या नाहीत, म्हणाला.

शनिवारी तपासनीस आला. किमारो नाव, पन्नाशीचा, मुख्य भूमीवरचा, थेट किलिमांजारोच्या पायथ्याचा. तिथे त्याने वीस वर्षं कॉफीचे मळे तपासले होते, आणि शेवाळाचं हे त्याचं पहिलंच वर्ष होतं. सभ्य माणूस. बायकांनी दिलेला मुहोगोचा उकडलेला कंद त्याने आवडीने खाल्ला, बूट झटकले आणि किनाऱ्यावर जाऊन उभा राहिला. समोर क्षितिजापर्यंत सपाट पाणी. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि विचारलं, “वाफे कुठे आहेत?”

बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मगेनीने बोट पाण्याकडे केलं.

मकामेने होडी आणली. किमारोने होडीकडे पाहिलं, तिच्या शिडाच्या ठिगळांकडे पाहिलं आणि म्हणाला की लाइफजॅकेट नसेल तर होडीत पाय ठेवायला त्याला परवानगी नाही, नियमच तसा आहे. नासोर म्हणाला, जॅकेटं आहेत, पण शहरातल्या गोदामात. किमारोने डायरी काढली. उद्यापासून त्याची दुसरी गावं लागलेली होती. पाणी उतरेल तेव्हा येतो म्हणाला, नऊ दिवसांनी, सोमवारी.

झुवेना पुढे झाली. तिने आधी नीट, आवाज न चढवता सांगितलं. माझं जाडं शेवाळ आहे, ह्या गरम पाण्यात पाच दिवस झालेत, आणखी नऊ दिवस नाही जगणार. आज मी ते गार पाण्यात नेते, सोमवारी परत आणून दाखवते. किमारोने सगळं शांतपणे ऐकलं. मग त्याने नासोरला विचारलं की पट्ट्या लावल्यानंतर दोऱ्या हलवल्या तर काय होतं. नासोर जमिनीकडे बघत म्हणाला, वाफा बाद होतो.

“बिबी, मी काय करू?” किमारो म्हणाला. “माल कुठून आला हे सांगायचं तर शेत जागच्या जागी हवं. माझ्या फॉर्मवर हलणारं शेत नाही. कॉफीचं झाड काय जागा सोडून जात नाही.”

“मग कॉफीला विचार,” झुवेना म्हणाली, “पाणी किती तापलंय ते.”

तो हसला नाही. खरं तर त्याला वाईट वाटलं असावं, कारण गाडीत बसण्याआधी त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. पण गेला.

त्या दुपारी झुवेनाने घरी येऊन दोन भांडी आपटली. मकामे म्हणाला, “चल, आत्ताच काढू. गेलं कार्ड खड्ड्यात.” ती अंगावरचा कांगा कमरेला खोचून निघालीच होती, तेवढ्यात अंगणात बायका आल्या. एकतीसच्या एकतीस. कोणी काही मागितलं नाही. चटईवर बसल्या, पाणी प्यायल्या, बसून राहिल्या. शेवटी मगेनी बोलली.

“आमचं सगळ्यांचं बारीक आहे. आम्हाला काय, चौदा दिवसांनी पण तसंच राहील. तुझं काय होणार ते आम्हाला दिसत नाही असं नाही. तू दोऱ्या काढल्यास तर मी एक शब्द बोलणार नाही, शोगा. फक्त ह्यांना तू सांग. माझ्याच्याने सांगवत नाही.”

झुवेनाने एकेकीकडे पाहिलं. ह्याच बायका तिच्या पोहण्याला हसल्या होत्या. ह्याच तिच्या दोन्ही बाळंतपणांना होत्या. कार्ड मिळालं नाही तर कंपनी शेजारच्या गावाचा माल उचलणार आणि ह्यांची पोती पावसात कुजणार, हेही तिला माहीत होतं. तिला वाटत होतं, कोणीतरी एक बदमाश असावा, त्याच्या दारात जाऊन आपण घसा फुटेपर्यंत शिव्या द्याव्यात. पण नासोर बदमाश नव्हता, किमारो नव्हता, मगेनी तर नव्हतीच. शिव्या द्यायला माणूसच सापडत नव्हता आणि शेवाळ मात्र मरणार होतं.

“जा घरी,” ती म्हणाली. “नाही हलवत.”

पुढचे नऊ दिवस ती रोज पाण्यात होती. कमरेला डबा बांधून वाफ्यापर्यंत जायची, दोरीदोरीवरून हात फिरवायची, साचलेली घाण झटकायची, पाणी हलतं राहावं म्हणून दोऱ्या हलवत राहायची. चौथ्या दिवशी पहिला ठिपका दिसला. तिने फांदी नखाने खुडून टाकली. पाचव्या दिवशी पन्नास खुडल्या. ज्या फांद्या तिने सव्वीस वर्षं निवडून निवडून राखल्या त्या आता ती आपल्याच हाताने तोडून पाण्यात सोडत होती, आणि तोडलेल्या तुकड्यांमध्ये चांगले तुकडे किती गेले हे तिला कळत नव्हतं. मकामेने दोऱ्या तशाच ठेवून त्यावरच्या दोन जुड्या सोडवल्या आणि चोरून दाराशी नेऊन बांधल्या. पण शेवाळ थोडकं असलं की मासे त्याच्यावर तुटून पडतात, चाळीस दोऱ्या असल्या तर खाऊन खाऊन किती खातील. तिसऱ्या दिवशी तिथे नुसते बंध राहिले होते.

सहाव्या दिवशी ती पाण्यातून लवकर परतली. मकामेने चहा ठेवला. ती म्हणाली, “मधल्या दोऱ्यांना बुंध्याला बर्फ आलाय.” शेंडा पांढरा पडला तर बुंधा राखता येतो, बुंधा पांढरा पडल्यावर राखायला उरतं काय? तरी सातव्या दिवशी गेली, आठव्या दिवशीही गेली. मकामेने एकदा तिला अडवायचा प्रयत्न केला तेव्हा ती त्याच्यावर अशी ओरडली की शेजारची म्हातारी कुंपणाशी येऊन उभी राहिली.

सोमवारी किमारो आला, नासोरशिवाय. ह्या वेळी उधाण होतं, पाणी लांब हटलं होतं, वाळू उघडी पडली होती. मगेनीच्या मुलाचे प्लॅस्टिकचे बूट घालून तो वाफ्यावाफ्याने फिरला. खुंट्या खारफुटीच्या आहेत का बघितलं. नव्हत्या. दोऱ्या मोजल्या, पट्ट्या मोजल्या, आजूबाजूला प्लॅस्टिक पडलंय का बघितलं. सतरा नंबरशी आला तेव्हा झुवेना तिथे उभी होती. चाळीस दोऱ्या एका ओळीत ताणलेल्या, चाळीस पिवळ्या पट्ट्या, आणि दोऱ्यांवरून लोंबणारी पांढरी लक्तरं. “पोले, बिबी,” किमारो म्हणाला. मयताच्या घरीही आमच्याकडे हेच म्हणतात. मग त्याने कागदावर चाळीस लिहिलं, बरोबरची खूण केली आणि अठरा नंबरकडे गेला.

चार आठवड्यांनी नासोर गटातल्या प्रत्येकीचं कार्ड घेऊन आला. शाळेच्या ओट्यावर पुन्हा चटया, पुन्हा चहा. गट पास झाला होता, आणि नुसता पास नव्हे, अख्ख्या किनाऱ्यावर पहिला आला होता. बायकांनी जीभ फिरवून जो आनंदाचा आवाज काढला तो थेट रस्त्यापर्यंत ऐकू गेला. झुवेनानेही टाळ्या वाजवल्या. एकतीस घरांतला उन्हाळा आता बरा जाणार होता आणि त्याचं तिला वाईट वाटायचं काही कारण नव्हतं.

नासोर हात वर करून म्हणाला, अजून एक बातमी आहे. तो खुशीत होता. कंपनीला आता पुन्हा जाडं शेवाळ हवं आहे. पण आधीसारखं नाजूक नको, ऊन सोसणारं हवं. तसं बी ज्या गावात असेल तिथे कंपनी त्याची मोठी रोपवाटिका काढणार, आणि बी राखणारीला पगारावर घेणार. “मी त्यांना सांगून टाकलंय,” नासोर म्हणाला, “आमच्या म्बुयूनीत आहे. बिबी झुवेनाकडे आहे, पाच दिवस तापल्या पाण्यात तगलेलं.”

कोणी टाळी वाजवली नाही. मगेनीने पदर तोंडावर घेतला.

झुवेना उठून उभी राहिली.

“होतं,” ती म्हणाली. “सव्वीस वर्षं होतं. तुमच्या सतरा नंबरवर मेलं.”

नासोरचा चेहरा उतरला. त्याला खरंच माहीत नव्हतं, ते तगलं असंच त्याने धरलं होतं. त्याने हातातले कागद चाळले, किमारोचा अहवाल काढला, बोट ठेवलं आणि गोंधळून म्हणाला, “पण इथे तर वाफा पूर्ण भरलेला लिहिलाय, बिबी. चाळीस दोऱ्या.”

“भरलेलाच होता,” झुवेना म्हणाली.

नासोर म्हणाला, पेंबा बेटावरून जाडं बी मागवता येईल. तिने मान हलवली. पेंब्याच्या बियाने इथलं ऊन कधी पाहिलेलं नाही, ते चार दिवस टिकणार नाही, आणि टिकेल असं करायला पुन्हा सव्वीस वर्षं लागतील. ती आता बावन्न वर्षांची होती. हा हिशेब तिने बोलून दाखवला नाही, पण ओट्यावरच्या सगळ्या बायकांनी तो केला.

ओहोटी लागली होती. बायका एकेक करून उठल्या, कमरेला दोऱ्या गुंडाळल्या, डोक्यावर टोपल्या घेतल्या. मगेनी तिच्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, माझ्यातलं बारीक घेऊन जा, लाव, वाफा रिकामा ठेवू नकोस, पुढच्या वर्षी परत तपासणी आहे. झुवेनाने तिला जा म्हणून खूण केली. मग ती किनाऱ्यापर्यंत गेली, कार्ड कांग्याच्या गाठीत बांधलं आणि वाळूवर बसली. बाकीच्या एकतीस जणी पाण्यात लांब जाऊन वाकल्या होत्या, आपापल्या नंबरावर. मोठ्या ओहोटीला किनाऱ्यावर बसून राहायची तिची चौतीस वर्षांतली ही पहिलीच वेळ होती, आणि हातांचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं.